डोमेन आतेदिराच्या नावावर आहे, मागायचं कसं?

प्रश्न, थोडक्यात: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत या ताईंच्या सासऱ्यांनी उभं केलेलं मशीन शॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग तयार होतात, थोडा माल परदेशीही जातो. हिशोब, पत्रव्यवहार आणि चौकशा ताई बघतात. २०१२ मध्ये त्यांच्या यजमानांच्या आतेभावानं फर्मसाठी डॉट कॉम नाव घेऊन वेबसाइट करून दिली. तेव्हा तो नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता, आता पुण्यात त्याची स्वतःची एजन्सी आहे. डोमेन (म्हणजे ते नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), ईमेल मिळून तो वर्षाला १८,००० रुपये घेतो आणि काम नीट करतो. गेल्या महिन्यात ईमेल दुसऱ्या सेवेवर न्यायचं ठरलं म्हणून ताईंनी पासवर्ड मागितला. "वहिनी, तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता, मी आहे ना," असं उत्तर आलं. मग ईमेलचं काम करणाऱ्या मुलानं शोधून दाखवलं की डोमेनची नोंद एजन्सीच्या नावावर आहे आणि मुदत दोन महिन्यांत संपतेय. यजमान म्हणतात, पैसे आपण भरतो म्हणजे नाव आपलंच. सासरे म्हणतात, सख्ख्या बहिणीच्या मुलाकडे असले कागद मागायचे नाहीत. ताई विचारतात: "मी उगाच संशय घेतेय का? दुसरं नाव घेऊन मोकळं व्हावं, की वकिलाची नोटीस द्यावी? साइटचं काम भाऊजींकडेच ठेवायला माझी काही हरकत नाही."

ताई,

मुदत संपायला दोन महिने आहेत. घाबरण्याचं कारण नाही, पण घरात सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबण्याइतका वेळही नाही. म्हणून नात्याचं बोलणं सुरू करण्याआधी एक काम उरकून घ्या. आहे त्याच खात्यातून, आहे त्याच नोंदीवर, डोमेन निदान तीन वर्षांसाठी रिन्यू करून घ्या. भाऊजींना सांगा की या वेळी एक-एक वर्ष नको, तीन वर्षांचं एकदम भरू, आणि पैसे त्याच दिवशी पाठवा. याला कुणी हरकत घेणार नाही. मालकीची चर्चा महिनाभर लांबली तरी चालेल, मुदत कुणासाठी लांबत नाही. रिन्यू झाल्याचं भाऊजींच्या सांगण्यावर न सोडता नवीन तारीख स्वतः बघून घ्या. ती कशी बघायची ते पुढे लिहिते.

आता यजमानांचं म्हणणं. पैसे आपण भरतो म्हणजे नाव आपलं, असं माझ्याकडे पत्र लिहिणारे बहुतेक उद्योजक मानतात आणि तिथेच सगळे फसतात. डॉट कॉम नावांची मूळ यादी व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते, डॉट इनची आपल्याकडची निक्सी. आपण नाव घेतो ते मधल्या रजिस्ट्रार कंपनीकडून. रजिस्ट्रारच्या नोंदीत 'रजिस्ट्रंट' म्हणून ज्याचं नाव असेल, करार त्याच्याशी. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं, कुणाला देऊन टाकायचं की सोडून द्यायचं, हे तो रजिस्ट्रंट ठरवतो. तुमचे १८,००० एजन्सीकडे जातात, त्यातला थोडासा भाग एजन्सी रजिस्ट्रारला भरते. रजिस्ट्रारच्या लेखी ग्राहक एजन्सी आहे, तुमची फर्म त्यांच्या कागदावर कुठेच नाही.

हे कुणालाही घरबसल्या तपासता येतं. जगभरातल्या डोमेन व्यवस्थेचे नियम ठरवणारी आयकॅन ही संस्था आहे, तिचं लुकअप नावाचं पान उघडायचं आणि आपलं नाव टाकायचं. वरच्या बाजूला मुदतीची तारीख दिसते, खाली रजिस्ट्रारचं नाव आणि रजिस्ट्रंटची संस्था. मधे 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' अशी एक ओळ असेल. ती वाचून अनेक जण दचकतात, पण ते कुलूप आहे, परवानगीशिवाय नाव दुसरीकडे जाऊ नये म्हणून लावलेलं. ते असलेलंच बरं. काही नोंदींमध्ये रजिस्ट्रंटच्या जागी गोपनीयतेमुळे माहिती झाकली आहे असं येतं. २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून हे प्रमाण खूप वाढलं. तसं दिसलं तर नाव आपलंच असेल असं धरून चालू नका. ज्यानं घेऊन दिलं त्याच्याकडून खात्याच्या आतल्या पानाचा स्क्रीनशॉट मागा.

मग सासऱ्यांचं म्हणणं, की भाचा घरचाच आहे. आहेच. तुम्हीही लिहिलंय की तो काम नीट करतो, आणि मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवून पुढचं लिहितेय. अडचण त्याच्या नियतीत नाहीच. अडचण ही की तुमच्या फर्मचं नाव आज एका माणसाच्या तब्येतीवर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या कार्डावर टिकून आहे. नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना पाठवाव्या लागतात. त्या जातात नोंदीतल्या ईमेलवर. २०१२ मध्ये कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलानं तेव्हा कोणता ईमेल दिला असेल आणि तो आज कोण उघडतं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. कदाचित त्यालाही नाही.

"ऑटो-रिन्यू चालू आहे" हे उत्तर तुम्हाला मिळेल. त्यावरही थांबू नका. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या कार्ड-पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. रीतसर मँडेट, म्हणजे आपोआप कापायची परवानगी, नोंदवलेला असेल तरच पैसे कापले जातात, त्याआधी बँकेनं ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि १५,०००च्या वरच्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. परदेशी कंपन्यांकडची कितीतरी आपोआप पेमेंटं तेव्हापासून आपल्या कार्डांवर अडकू लागली. खात्यात ऑटो-रिन्यूचं बटण हिरवं दिसतं, आणि पैसे जात नाहीत.

आणि हे मोठ्यांच्याही हातून निसटतं. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट स्वतःचं पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायला विसरली. हॉटमेलची दारं त्या नावावर उघडत होती, ती अडली. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरनं आपल्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी रुळावर आली. मायक्रोसॉफ्टला असा माणूस भेटला. शिरोलीच्या मशीन शॉपचं सुटलेलं नाव बहुधा पकडेल तो जुन्या नावांचा लिलाव करणारा.

नाव सुटलं तर काय होतं तेही नीट समजून घ्या, कारण "वेबसाइट चार दिवस बंद राहील" एवढ्यावर घरचे विषय सोडून देतील. डॉट कॉमची मुदत उलटल्यावर रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस नाव आपल्याकडे धरू शकतो. हा काळ प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि याच काळात अनेक कंपन्या नाव लिलावात काढतात. नंतर रिडेम्पशनचे, म्हणजे नाव सोडवून घ्यायचे ३० दिवस, त्यात नाव परत मिळतं पण दंड नेहमीच्या फीच्या कितीतरी पट. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं. ज्याच्या हाती नाव जातं त्याला तुमची साइट नको असते. तो त्या नावावरचे मेल आपल्याकडे वळवू शकतो. तुमच्या जीएसटीच्या, बँकेच्या, डीजीएफटीच्या (परदेश व्यापार महासंचालनालयाच्या) खात्यांना कोणता ईमेल जोडलाय ते आज बघा. फर्मच्या डोमेनवरचा असेल तर पासवर्ड बदलण्याच्या लिंक आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातील. तुमच्या परदेशी गिऱ्हाइकाला तुमच्याच पत्त्यावरून मेल जाईल की आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे इथे पाठवा. सासऱ्यांना सांगायचं असेल तर हे सांगा. वेबसाइटबद्दल त्यांना आस्था नसेल, पण पार्टीचं पेमेंट चुकीच्या खात्यात जाणं म्हणजे काय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

त्यांच्याशी बोलताना भाच्याची वकिली किंवा तक्रार, दोन्ही टाळा. भाचा कितीही लाडका असला तरी शेतीचा सातबारा त्याच्या नावावर ठेवून आपण वर्षानुवर्षं शेत कसलं असतं का, एवढंच विचारा. त्यात भाच्यावर अविश्वास कुठे आला? उलट उद्या एजन्सीत भागीदार आला, एजन्सी विकली गेली, किंवा भाऊजींचं काही बरंवाईट झालं, तर तुमच्या फर्मचं नाव त्यांच्या मालमत्तेच्या यादीत अडकेल आणि ते सोडवायला आत्याबाईंच्या दारात जावं लागेल. नातं टिकवायचं म्हणून आजच करून घ्यायची गोष्ट आहे ही.

आता तुम्ही मागितलेला पासवर्ड. ताई, इथे मी भाऊजींच्या बाजूनं बोलणार आहे. एजन्सी चालवणारी माणसं बहुधा सगळ्या गिऱ्हाइकांची डोमेनं एकाच खात्यात ठेवतात. तुम्हाला पासवर्ड दिला तर त्या पाच-पन्नास लोकांची नावंही तुमच्या हाती येतात. कुठलाही जबाबदार माणूस तो देणार नाही. त्यांनी हे नीट समजावून सांगायला हवं होतं, "भानगडीत पडू नका" म्हणायला नको होतं, हे खरं. पण नकार मिळाला म्हणून लगेच त्यांच्या मनात काळंबेरं आहे असंही समजू नका. तुमची मागणी चुकीच्या गोष्टीची होती.

मागायचं ते असं. डोमेन आज ज्या रजिस्ट्रारकडे आहे, तिथेच फर्मचं स्वतंत्र खातं तुम्ही उघडायचं. भाऊजींनी त्यांच्या खात्यातून एवढं एक डोमेन तुमच्या खात्यात पाठवायचं आणि रजिस्ट्रंट म्हणून फर्मचं नाव लावायचं. त्याच कंपनीत एका खात्यातून दुसऱ्यात नाव सरकवणं हे बहुतेक ठिकाणी थोड्या वेळाचं आणि बिनखर्चाचं काम आहे. साइट जिथे आहे तिथेच राहते, होस्टिंग त्यांच्याकडेच राहतं.

फोन यजमानांनी करावा, कारण आतेभाऊ त्यांचा. ख्यालीखुशाली, कामाचं कौतुक, जे असेल ते मनापासून बोलू दे. त्यानंतर लेखी मेसेज मात्र तुम्ही पाठवा, कारण कारभार तुमच्याकडे आहे आणि तो तसा आहे हे त्यांनाही कळायला हवं. मसुदा देते, तुमच्या बोलीत बदलून घ्या:

"भाऊजी, फर्मच्या नावावर जे जे असायला हवं ते सगळं या वर्षी फर्मच्या नावावर करून घेतोय, त्यात डोमेनही आहे. तुमच्या खात्याचा पासवर्ड मला नको, तो मागणं बरोबर नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. डोमेन कुठल्या कंपनीकडे आहे तेवढं सांगा, मी तिथे फर्मचं खातं उघडते. त्या खात्यात तुम्ही डोमेन पाठवा आणि नोंदीत फर्मचं नाव येऊ दे. साइटचं काम तुमच्याकडेच राहणार आहे. या कामाचं जे काही होईल ते बिलात लावा. पंधरा तारखेपर्यंत झालं तर बरं, कारण पुढे ईमेलचं काम अडलंय."

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि तसंच ठेवा. बँकेनं मागितलंय, सीएनं सांगितलंय असली खोटी कारणं पुढे करू नका. ती उघडी पडतात, आणि मग खरोखरच संशय घेतल्यासारखं दिसतं. "बिलात लावा" हे वाक्य गाळू नका. घरच्या माणसाकडून फुकट काम करून घेण्याची सवय आपल्याकडे आहे आणि तीच पुढे कुरबुरीचं कारण होते. मागची काही बाकी असेल तर तीही याच आठवड्यात चुकती करा.

भाऊजी हो म्हणाले की घाईनं बटणं दाबायची नाहीत. आधी डीएनएसची, म्हणजे या नावावरची साइट आणि मेल कुठे वळवायचे ते सांगणाऱ्या नोंदींची, पूर्ण प्रत मागून घ्या. नुसता स्क्रीनशॉट चालेल, पण सगळ्या ओळी दिसायला हव्यात. यात 'ए' ओळ साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगते, 'एमएक्स' ओळी मेल कुठे पोचवायचा ते सांगतात आणि 'टीएक्सटी' ओळींमध्ये तुमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कुणाला आहे ते असतं. ही शेवटची लांबलचक, अर्थहीन दिसणारी अक्षरं हरवली तर मेल जातात, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात, आणि तुम्हाला महिनाभर कळत नाही की कोटेशनला उत्तर का येत नाही. खातं बदलताना या ओळी काही कंपन्यांत सोबत येतात, काहींत येत नाहीत. डीएनएस भाऊजींच्या होस्टिंगवर असेल तर त्या तिथेच राहतील, आणि त्यात वावगं काही नाही. नाव तुमच्या खात्यात आलं की ते कुठल्या दिशेला वळवायचं हे तुम्ही कधीही बदलू शकता.

रजिस्ट्रंट बदलला की दोन्ही बाजूंना मंजुरीचे मेल येतात, आणि नवा ईमेल पडताळायला लिंक येते. ती १५ दिवसांत दाबली नाही तर चालू डोमेन थांबवलं जाऊ शकतं. स्पॅम रोज बघा. रजिस्ट्रंट बदलल्यावर साधारण ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. त्यानं तुमचं काही अडत नाही, डीएनएस बदलता येतं, मेल हलवता येतो. म्हणूनच मी तुम्हाला रजिस्ट्रार बदलायच्या फंदात आता पडू नका म्हणतेय.

खात्याबद्दल एक गोष्ट जरा ठासून सांगते. रजिस्ट्रारच्या खात्याला फर्मच्या डोमेनवरचा ईमेल कधीही देऊ नका. डोमेन थांबलं की तो ईमेलही थांबतो, आणि खातं सोडवायची लिंक त्याच बंद पेटीत जाते. फर्मसाठी एक वेगळा जीमेल किंवा तसा पत्ता काढा, तो याच कामाला ठेवा, त्याला तुमचा आणि यजमानांचा असे दोन्ही फोन जोडा आणि दुहेरी पडताळणी लावा. रजिस्ट्रंटच्या रकान्यात जीएसटी प्रमाणपत्रावर आहे अगदी तेच फर्मचं नाव लिहा. यजमानांचं किंवा तुमचं वैयक्तिक नाव नको. आज भाऊजींच्या नावावर आहे ते उद्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलं तर वाटण्यांच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. बिलही फर्मच्या नावानं आणि जीएसटी क्रमांकासह घ्या. क्रेडिटचं सीए बघतील, पण नाव फर्मचं आहे याचा तो सर्वांत सोपा पुरावा असतो.

डोमेन आलं तरी साइट आपोआप तुमची होत नाही, हेही जाता जाता सांगते. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या डिझाइनचा आणि कोडचा कॉपीराइट १९५७च्या आपल्या कायद्याप्रमाणे लेखी हस्तांतर केल्याशिवाय त्याच्याकडेच राहतो. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. एका पानाचं पत्र करून घ्यायला हरकत नाही, पण डोमेनच्या मागणीसोबत ते पुढे करू नका. एका वेळी एकच विषय.

आता ते नाही म्हणाले, किंवा नुसतेच गप्प राहिले तर? आधी कारण शोधा. जुन्या खात्याचा ईमेलच बंद पडलेला असतो आणि माणूस ते कबूल करायला लाजतो, असं पुष्कळदा असतं. कधी त्यांनी स्वतःच ते नाव तिसऱ्याकडून घेतलेलं असतं. अशा वेळी रजिस्ट्रार कागदपत्रं मागतो, वेळ लागतो, आणि तुम्ही मदत केलीत तर काम लवकर होतं. कधी भीती एवढीच असते की नाव गेलं की गिऱ्हाईक जाईल. तीन वर्षांचं साइटचं काम लेखी देऊ केलंत तर ती भीती मिटेल.

तरीही नाही म्हणाले तर नोटिशीकडे वळण्याआधी कायद्यातली तुमची जागा नेमकी कुठे आहे ते बघा. तुमच्या बाजूला बळ आहे. व्यवसायाच्या डोमेन नावाला व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ मध्येच रेडिफच्या खटल्यात मान्य केलं होतं, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सत्यम इन्फोवेच्या खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. ट्रेडमार्क नोंदलेला नसला तरी वर्षानुवर्षांच्या वापरावर दावा उभा राहतो. पण न्यायालयाबाहेरचा जो जलद मार्ग आहे, डॉट कॉमसाठीची यूडीआरपी नावाची लवादाची पद्धत, तो तुमच्यासारख्या प्रकरणात अवघड जातो. तिथे नाव वाईट हेतूनं नोंदवलं आणि वाईट हेतूनं वापरलं, दोन्ही सिद्ध करावं लागतं. भाऊजींनी २०१२ मध्ये ते तुमच्यासाठीच, चांगल्या मनानं घेतलं होतं. शिवाय दोन पक्षांमधला पैशाचा किंवा कराराचा वाद असेल तर लवाद अनेकदा हे आमच्या कक्षेत नाही म्हणून बाजूला होतो. जिनिव्हाच्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) केंद्राची एका लवादाची फीच १,५०० डॉलर आहे, वकील वेगळा. डॉट इनसाठी निक्सीची वेगळी पद्धत आहे, तिथे नोंदणी किंवा वापर यांपैकी एकात वाईट हेतू दिसला तरी पुरतं.

आणि कोर्टाची वाट लांबची असते. गॅरी क्रेमेन या अमेरिकन उद्योजकानं १९९४ मध्ये नोंदवलेलं एक मोलाचं नाव पुढच्याच वर्षी बनावट पत्राच्या आधारे दुसऱ्याच्या नावावर झालं. निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण नाव हातात यायला २००० साल उजाडलं. त्याच्याकडे तर स्वतःच्या नावाची नोंद होती, तुमच्याकडे तीही नाही. म्हणून नोटीस हा माझा सल्ला आज नाही. मात्र पुरावे आजपासून एका फाइलमध्ये लावा: २०१२ पासूनची भाऊजींची बिलं आणि बँकेच्या नोंदी, वेबसाइटचा पत्ता छापलेली जुनी कॅटलॉग आणि एक्स्पोर्ट इन्व्हॉइस, त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. फर्मच्या नावाचा ट्रेडमार्क नसेल तर अर्ज करून टाका. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि हे काम डोमेनचा वाद असो वा नसो, करण्यासारखंच आहे. फाइल तयार असली की मध्यस्थाला काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. मध्यस्थ म्हणून मला तर तुमचे सासरेच दिसतात. बहिणीच्या मुलाशी ते ज्या अधिकारानं बोलू शकतात, तो वकिलाकडे नाही. फक्त आधी त्यांना ते पार्टीच्या पेमेंटचं पटलेलं असायला हवं.

दुसरं नाव घेऊन मोकळं व्हायचं का, हे तुम्ही विचारलंत. घ्या, पण मोकळं होण्यासाठी नको. आज फर्मच्या नावाचं डॉट इन मिळत असेल तर फर्मच्या नव्या खात्यातून घेऊन ठेवा. वाटाघाटी फिसकटल्या तर निदान एक पाय जमिनीवर राहील. पण जुनं नाव सोडून देणं ही सुटका नाही. गेल्या सगळ्या वर्षांतले पुरवठादार, परदेशी गिऱ्हाइकांच्या व्हेंडर-याद्या आणि विकलेल्या मालासोबतचे कागद जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतील, मेल तिकडेच येत राहतील. ज्यांनी नाव बदललंय त्यांनीही जुनं नाव पुढची अनेक वर्षं रिन्यू करत राहावं असं मी सांगते. वर्षाला हजार-दीड हजारांचा प्रश्न असतो.

ज्या वाचकांचं नाव अजून घ्यायचंय त्यांनी वेबसाइट कुणाकडूनही करून घ्यावी, डोमेनचं खातं मात्र स्वतः उघडून, स्वतःच्या कार्डानं पैसे भरून घ्यावं आणि मग काम करणाऱ्याला आत यायची परवानगी द्यावी. बहुतेक रजिस्ट्रारकडे पासवर्ड न देता मर्यादित प्रवेश देण्याची सोय असते. ताई, तुमच्या खात्यात नाव आलं की भाऊजींनाही असाच प्रवेश त्याच दिवशी देऊन टाका, म्हणजे साइटच्या कामासाठी त्यांना तुमच्या मागे फिरावं लागणार नाही. आणि ईमेल हलवायचं काम शनिवारी दुपारनंतर ठेवा, परदेशी ऑर्डरी बंद असतात तेव्हा. जुनी मेलसेवा पुढचे दोन आठवडे चालूच ठेवायला सांगा, वाटेत अडकलेलं एखादं पर्चेस ऑर्डर तिथे सापडू शकतं.